जोराचा व्यायाम केला की दिवसभर चिडचिड: जोर किती ठेवावा?

निळी_शाई
दहा किलोमीटर एका तासाच्या आत पळायचं आहे, सध्या पाच-सहा मिनिटं जास्त लागतात. आठवड्याला चार तास मिळतात, त्याहून जास्त नाही. चारही दिवस जीव तोडून पळते. पळून आल्यावर तासभर भारी वाटतं, नंतर घरात सगळ्यांवर खेकसते आणि वाचायला बसलं की एकच ओळ पुन्हापुन्हा वाचावी लागते. टायमिंगही हलत नाही. जोर कमी केला तर मेंदूला होणारा फायदा जाईल का? यंत्र काही विकत घ्यायचं नाही, साधं घड्याळ आहे ते पुरे.

नाना_पेडल
छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घ्या. मनगटावरची घड्याळं इंटरव्हलमध्ये (जोरात-हलकं आलटून पालटून पळताना) ठोके उशिरा दाखवतात. पट्टा आल्यावर मला कळलं की माझे 'हलके' दिवस हलके नव्हतेच.

दमसास
नाना, घ्यायचं नाही म्हणाल्यात त्या. बोलून बघा, फुकटात काम होतं. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला की जोराचा.

भन्नाट_वेग
वेळ कमी आहे म्हणूनच जोर हवा! नॉर्वेची ४×४ पद्धत: ४ मिनिटं कमाल ठोक्यांच्या ९०-९५ टक्क्यांवर, मग ३ मिनिटं हलकं, असं चार वेळा. २००७ च्या अभ्यासात ही पद्धत करणाऱ्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) सावकाश पळणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला. माझ्या ग्रुपमधले सगळे आता माझ्या मागे असतात. आणि एन्डॉर्फिन (शरीराचं आनंद देणारं रसायन) सुटतं ते वेगळंच.

पेशीजाल
एन्डॉर्फिनचं श्रेय जरा आवरा. रक्तातलं एन्डॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. ॲनंडामाइड, म्हणजे शरीरच बनवतं ते गांजासारखं रसायन, शिरतं. रेशलेन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात ते मध्यम जोराच्या पळण्याने वाढलं. नुसतं चालून वाढलं नाही आणि फार जोरात पळूनही नाही.

भन्नाट_वेग
मेंदू स्वतःचं एन्डॉर्फिन स्वतः तयार करतो की! २००८ मध्ये जर्मनीत धावपटूंना दोन तास पळवून पेट स्कॅन केले, त्यात मेंदूतल्या ओपिऑइड यंत्रणेत (एन्डॉर्फिन जिच्यावर काम करतं तिच्यात) बदल दिसला.

पेशीजाल
दोन तास पळवून. ताईंना आठवड्याला मिळतात चार.

सावकाश_चाल
मूळ प्रश्न बाजूलाच पडला. ताई, दम लागायची एक पातळी असते. तिच्या खाली बहुतेकांना व्यायाम चालू असतानाच बरं वाटतं. तिच्या वर गेलं की बहुतेक सगळ्यांनाच नको होतं, आणि थांबल्याबरोबर मन एकदम उसळी घेतं. संशोधक पँटेलिस एकेकाकिस यांनी यावर बरंच काम केलंय. तुमचा तासभराचा आनंद बहुधा या उसळीचा आहे. तो ओसरला की थकवा उरतो.

मेंदूचा फायदा जाईल ही भीती सोडा. २०११ मध्ये एरिक्सन यांच्या गटाने १२० वयस्क माणसं घेतली. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालवलं, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) २ टक्क्यांच्या आसपास वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा घटला. तेही पळून नव्हे, चालून. जोराचंही काम आहेच: लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत बनतं ते) मेंदूत पोचून इंधन होतं, बीडीएनएफ हे मेंदूच्या पेशींना पोसणारं प्रथिनही जोराच्या व्यायामाने जास्त वाढतं. पण त्यासाठी चारही दिवस मरायची गरज नाही.

टायमिंगचं म्हणाल तर संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. पाचपैकी साधारण चार सत्रं हलकी होती. आणि जलतरणपटूंमध्ये फार पूर्वी दिसून आलंय की सरावाचा भार वाढला की मूड बिघडतो, कमी केला की सुधारतो. तुमची चिडचिड हाच तुमचा मीटर समजा. एक दिवस जोराचा, तीन दिवस हलके.

नाना_पेडल
आणि हलका दिवस हलकाच आहे हे कळायला पट्टा.

दमसास
२२० वजा वय या सूत्रावर मात्र जाऊ नका. दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी त्यावरून पळून स्वतःला उगाच दमवलंय. आधी लिहिलंय तेच, बोलून बघा.

ओंजळभर
फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलंय का? माझंही असंच डोकं जड असायचं, धाप लागायची, मी सराव बदलत बसले. शेवटी लोह कमी निघालं. झोप किती होते तेही लिहा. रात्री झोपायच्या तासभर आधी जोरात पळत असाल तर झोप बिघडू शकते.

सावकाश_चाल
फेरिटिनचं खरंय, माझ्याकडून राहिलं. आणि महिनाभर हलकं करूनही मन खालीच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, सरावाच्या अंगावर ढकलू नका.

भन्नाट_वेग
एक दिवस जोराचा म्हणजे फारच कमी. तीन तरी हवेत.

निळी_शाई
रक्त उद्याच तपासून घेते. रात्री उशिरा पळते हे खरं आहे, ते सकाळी नेणार. पण जोराचे दिवस दोन ठेवतेय, एक नाही आणि तीनही नाही. ते दोन दिवस माझे आवडते आहेत, तेच नसतील तर मी पळणंच सोडेन. बाकीचे दोन दिवस मैत्रिणीबरोबर गप्पा मारत. आणि संध्याकाळी कुणावर खेकसले की दुसऱ्या दिवशीचा जोर रद्द, एवढा नियम. पट्टा नको.

नाना_पेडल
नंतर घेतलाच, तर बांधण्याआधी पॅड पाण्याने ओले करा. कोरडे असले की सुरुवातीला ठोके भलतेच दाखवतो.