लग्नपत्रिकेची प्रेस मुलाच्या हाती द्यावी का?

गिरगावचा_छापखाना
आमची गिरगावात छोटी प्रेस आहे. आजोबांनी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई मशीनवर, सुरू केली. ९३ साली बाबांनी कॉम्प्युटर आणून डीटीपी, म्हणजे त्यावरच मजकूर जुळवणं, चालू केलं, तेव्हा आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. आता मी पन्नाशीत, आणि मुलगा म्हणतो, "पप्पा, कागद बंद करा. व्हिडिओ पत्रिका करू, डिझाइन एआयकडून, पैसे आगाऊ यूपीआयवर." ऑफसेट मशीन भंगारात घालायला निघालाय. माझं म्हणणं एवढंच, की बाबांनी हत्यार बदललं, धंदा नाही बदलला. आणि पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची असते, तिथे काय मोबाइल ठेवणार?

परळचा_पंटर
काका, हीच तक्रार मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वीही झाली होती. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी छापील पोथीला शिवत नसत. तेव्हाचे छापखानेवाले गणपत कृष्णाजी, त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात, आणि १८४१ साली पंचांग छापलं. आज हातानं लिहिलेलं पंचांग कोणाच्या घरात आहे? मुलाला करू द्या. तुम्ही आजोबांसारखा अबोला धरलात तर तो बाहेर गाळा घेऊन तेच करेल.

गिरगावचा_छापखाना
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की! त्यांनी शाई बदलली, पंचांग सोडलं नाही.

दादरचा_हिशेबनीस
भावना बाजूला ठेवा. हल्ली लोक पन्नास पत्रिका छापतात, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. पन्नास प्रतींसाठी प्लेट काढा, मशीन धुवा, रंग जमेपर्यंत वीस-तीस कागद वाया घालवा. कसं परवडणार? डिजिटल प्रिंटर घ्या, मशीन विका. मुलाचं निम्मं बरोबर आहे.

जुळाऱ्याचा_मुलगा
सगळे मालक आणि मालकाची मुलंच बोलताहेत, म्हणून लिहितो. माझे वडील जुळारी, छापायचे धातूचे खिळे एकेक अक्षर करून जुळवायचे. देवनागरी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे पेटीत, शेकडो घरं, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी. हात न बघता बरोबर घरात जायचा. उलटा मजकूर आपण सुलटा वाचतो तसा वाचायचे. डीटीपी आल्यावर दोन वर्षांत त्यांच्या प्रेसमधले चारातले तीन जुळारी घरी बसले. खिळे वजनावर भंगारात गेले, त्याचे पैसे मालकाला मिळाले. बाबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. चार महिने मालकाने "माउस शिका" म्हटलं, मग म्हणणंही बंद केलं. शेवटी त्यांना प्रूफं वाचायला ठेवलं, अर्ध्या पगारावर. धागाकर्ते, तुमच्या बाबांनी "हत्यार बदललं" म्हणता, तेव्हा तुमच्याकडचे जुळारी कुठे गेले हे एकदा घरी विचारा. उद्या मशीनवरच्या माणसाचं काय, हे मुलालाही विचारा. मी नव्याच्या विरोधात नाही, मी स्वतः मोबाइल दुरुस्त करतो.

परळचा_पंटर
वाईट झालं, पण म्हणून खिळेच जुळवत बसायचे होते का? तो छापखाना आज बंदच असता.

जुळाऱ्याचा_मुलगा
खिळे बंद करू नका असं कुठे म्हटलं? शिकवायला चार महिने नाही, वर्ष द्या म्हणतोय.

ठाण्याची_मावशी
मुलीच्या लग्नात एआयवाल्याकडून पत्रिका करून घेतली. चित्र देखणं. पण आमच्या व्याह्यांचं आडनाव कऱ्हाडकर. तो ऱ्ह त्याला काही केल्या जमेना, दर वेळी नवीनच अक्षर काढायचा! "चि. सौ. कां." मधला अनुस्वारही खाल्ला. दोनशे जणांना पाठवल्यावर नणंदेनं दाखवलं. छापायची असती तर प्रूफ तरी आलं असतं.

दादरचा_हिशेबनीस
मावशींनी धंदा सांगितला बघा. व्हिडिओ कोणीही करेल, शुद्ध मराठीचे पैसे वेगळे लावा.

गिरगावचा_छापखाना
बाबांना विचारलं. आमच्याकडे दोन जुळारी होते. एक गावी गेले, दुसऱ्यांचं बाबांना आठवत नाही, आणि ते मला बरं नाही वाटलं. मुलाला काल एका पत्रिकेचं प्रूफ दिलं, तीन चुका सुटल्या त्याच्याकडून, दोन माझ्याकडून. मशीनचं अजून ठरलेलं नाही. जुळाऱ्याचा मुलगा, तुमचे वडील अजून प्रूफं वाचतात का?

जुळाऱ्याचा_मुलगा
वाचतात. भिंग लागतं. पैसे आधी ठरवा.