लक्ष्मीनगरचं घर विकून बेसाला प्लॉट?

मंडळी, नमस्कार.

आईबाबा आता दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत. नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या घरासाठी एक बिल्डर मागे लागलाय. दोन फ्लॅट आणि वर रोख रक्कम देतो म्हणतो. त्या पैशातून शहराबाहेर बेसा-घोगली पट्ट्यात दोन प्लॉट घेऊन ठेवावेत, असा भावाचा आग्रह आहे. इतक्या लांबून काही अंदाज येत नाही. आपल्या मंडळात अर्धं नागपूर आहे, म्हणून विचारतो. काय करावं?

---

दादा, घेऊन टाक!

आपण नागपूर सोडून निघालो तेव्हा छत्रपती चौकाच्या पुढे अंधार पडल्यावर कोणी जात नव्हतं. आज तिथून डोक्यावरून मेट्रो जाते. 11 डिसेंबर 2022 ला मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. 2011 च्या जनगणनेतच शहर 24 लाखांवर होतं. लोक येणारच, त्यांना घरं लागणारच. जुन्या बंगलेवाल्यांना धरमपेठ आणि लक्ष्मीनगर 1980 मध्ये होतं तसंच हवं आहे. मग विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरीला आलेल्या पोरांनी राहायचं कुठे? ‘शहर बिघडलं’ म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. गावात काम नव्हतं म्हणूनच तर आपण सगळे बाहेर पडलो ना?

---

दोघांनाही नमस्कार. मी परत नागपुरातच राहायला आले आहे, त्यामुळे थोडी लांबण लावते.

शहर वाढू नये असं मी म्हणणार नाही. मिहानच्या पोरांना घर हवंच आणि धरमपेठेत ते त्यांना परवडायचं नाही, हे अगदी खरं. पण बाळा, प्लॉटचा भाव किती वाढेल हे नंतर बघ. तिथली गटार कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचार.

आपल्याकडे याचं सरळ उत्तर मिळत नाही. शहरात मनपा, तिच्या जोडीला 1936 च्या कायद्याची नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आणि 2017 पासून बाहेरच्या सातशेवर गावांसाठी एनएमआरडीए, म्हणजे महानगर विकास प्राधिकरण. बेसा-पिपळ्याला शिवाय नगरपंचायत. 2019 मध्ये नासुप्र बरखास्त करायचं ठरलं, मग सरकार बदललं आणि तेही फिरलं. या सगळ्यात 572 आणि 1900 हे अनधिकृत लेआउटचे आकडे इथे रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. शेतीचे तुकडे पाडून विकले, लोकांनी आयुष्यभराची बचत घालून घरं बांधली, मग असे तुकडे नियमित करून देणारा 2001 चा गुंठेवारी कायदा आला. तेव्हापासून डिमांड नोटचे पैसे भरा, आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र मिळवा, आणि रस्ता-गटारीची वाट बघत बसा. विकणारा केव्हाच पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

आणि फक्त बाहेरच्या लेआउटचंच असं आहे का? माझ्या बहिणीच्या गल्लीत जुन्या डांबरावरच सिमेंटचा रस्ता चढवला. आता फाटक उघडलं की रस्ता वर आणि अंगण खाली. जरा जोराचा पाऊस आला की पाणी फाटकाखालून सरळ आत. तिनं फाटकात विटांचा उंबरठा बांधून घेतला आणि स्कूटर काढायला त्यावर लाकडी फळी टाकली. समोरचे काका अजून प्रत्येकाला विचारतात, ‘काहून हो, रस्ता खोदून मग बनवता येत नव्हता का? पाणी तर घरातच शिरून राहिलं!’ त्यांना उत्तर द्यायला कोणी आलेलं नाही.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठाबाहेर आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळ्या जुन्या, पक्क्या वस्त्या. म्हातारी माणसं अंधारात पाण्यात अडकली. तलावाच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद पुतळ्यानं पाणी अडतं का, हा प्रश्न पुढे उच्च न्यायालयात गाजला. मला मात्र वेगळीच गोष्ट सलते. 2017 मध्ये आपण 151 नगरसेवक निवडून दिले होते. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुराच्या त्या रात्री अख्ख्या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. नगरसेवक कसाही असो, त्याचं घर आपल्याला माहीत असतं, सकाळी दारात जाऊन त्याला उभं करता येतं.

ब्रोशरवरच्या बागेला तर अजिबात भुलू नका. शहराचा विकास आराखडा 2000 साली मंजूर झाला. त्यात शाळा, मैदानं, बागा यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनी दहा वर्षांत घेतल्या गेल्या नाहीत, तर एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण गेलं. कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल होतो तेव्हा हरकतींसाठी एक महिना मिळतो. जाहिरात पेपरात कोपऱ्यात येते आणि जागा मालक परदेशात असेल तर ती वाचणार कोण? रिकामे प्लॉट घेऊन ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांमुळे लेआउटमध्ये हरकत घ्यायलाही माणूस उरत नाही. हे मला मनापासून लागतं.

लक्ष्मीनगरबद्दल दोनच गोष्टी. प्लॉट लीजवर आहे की फ्रीहोल्ड, ते आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर बघ. आणि डिसेंबर 2020 च्या नियमावलीनं रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढीव एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे जास्तीचं बांधकाम मिळतं म्हणून बिल्डर इतका उदार झालाय. खालची गटार बंगल्यांच्या काळातली आहे, तिचा हिशेब त्यानं दिलाय का?

आईबाबांना काय हवंय, ते तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

---

काकू, गटारीचं आणि आरक्षणाचं पटलं. पण एक सांगा, मंजूर लेआउट महाग असतात म्हणूनच गरीब माणूस कच्च्या लेआउटमध्ये जातो ना? नियम कडक केले की तोच आणखी बाहेर फेकला जाईल. स्वस्त आणि मंजूर घरं मनपा-नासुप्रनं आधी बांधावीत. तोवर प्लॉट घेणाऱ्याला दोष देणं मला जड जातं.

---

त्याला दोष नाहीच रे. तो राहायला जातो. मी गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवणाऱ्यांबद्दल बोलत होते.

---

सगळ्यांचे आभार. काल बाबांशी बोललो. ते म्हणाले, फ्लॅटबिट नको, आधी गच्चीची गळती काढून दे. आईला तळमजला सोडायचा नाही. त्यामुळे बिल्डरला सध्या नाही म्हणतोय.

प्लॉटचं अजून मोडलं नाही, भाऊ ऐकत नाही. मी ऑगस्टमध्ये येतोय, म्हणजे भर पावसात जागा बघता येईल. दलालानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नकाशावर मंजुरीचा शिक्का दिसत नाही, बिनशेती आदेशाचा क्रमांकही नाही, आणि पूर्वेच्या हद्दीला एक निळी रेघ आहे. तो नाला आहे की पोहरा नदीकडे जाणारी पावसाळी गटार, हे कोणाला वाचता येईल? मौजा आणि खसरा क्रमांक वेगळ्या मेलनं पाठवतो. काकू, तुम्ही ऑगस्टमध्ये नागपुरात असाल तर सोबत याल का?