मदत हवी आहे: गॅरेज तापवलं तरी कातडी धड वाळत नाहीत, हीटर कोणता घेऊ?

बर्फातला_बाळू
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, वेळ नाहीये. गॅरेजमध्ये कातडी सोलून, खरवडून, फळ्यांवर ताणून वाळवतोय. हीटर दिवसभर रणरणतोय, तरी काही कातडी ओलीच्या ओली राहतात आणि काही पापडासारखी कडक होऊन तडकतात. दोन कातड्यांवर केसांच्या मुळाशी हिरवट बुरशी दिसली. याहून मोठा हीटर घ्यायचा तर कोणता? फ्रीजर काठोकाठ भरलाय, सासरे रोज फोन करतात. माहिती असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

तिरफळ
कसली कातडी? शेळीची? आणि राहता कुठे? हीटर कशावर चालतो? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत का राव?

चामडेवाला_आप्पा
पोरा, हीटरबिटर काही लागत नाही. आमच्याकडे कातडं आधी चुन्याच्या निवळीत टाकायचे, केस निघाले की हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. कोल्हापुरी चप्पल उगाच वर्षानुवर्षं टिकत नाही. साल कुठे मिळेल ते सांगू शकतो.

बर्फातला_बाळू
आप्पा, केस काढायचे नाहीत, केसांचेच तर पैसे आहेत! आणि कमवून चामडंही करायचं नाही. कच्ची वाळवून नॉर्थ बे गावच्या फरच्या लिलावाला पाठवायची, कमवायचं काम पुढे घेणारा बघतो.
मी उत्तर ऑन्टारिओत, टिमिन्सच्या बाजूला. सासऱ्यांची (बायको इथलीच) नोंदणीकृत ट्रॅपलाइन (सापळे लावायचा ठरलेला पट्टा) आहे, माझ्याकडे मदतनीसाचं लायसन्स. बीव्हर (पाण्यात राहणारा मोठा कुरतडणारा प्राणी) जास्त, थोडे मस्करॅट (त्याच्याहून लहान, पाणउंदरासारखा) आणि मार्टेन (मुंगसाएवढा झाडावरचा). त्यांची शेड बर्फाच्या वजनाने बसली, म्हणून सगळा संसार माझ्या गॅरेजात. बाहेर -३०. आता सांगा.

मुक्या_जिवांचा_वाली
लाज वाटायला हवी. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे म्हणून निदान तिथले प्राणी वाचले.

खवचट_खंडू
वालीसाहेब, पायात काय आहे तुमच्या? रेक्झिन?

मुक्या_जिवांचा_वाली
हो, रेक्झिनच. आणि चपलेसाठी जनावर सापळ्यात धरत नाहीत.

सस्कॅचवनचा_सख्या
वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. बाळूदादा, मी कायोटीवाला (कोल्ह्यासारखा इकडचा रानकुत्रा), बीव्हरचा हात कमी, पण वाळवण्याचं तत्त्व एकच. हीटर कुठला, नळीवाटे धूर बाहेर जातो का, खिडक्यांवर आतून बर्फ साचतंय का, आणि थर्मामीटर कुठल्या उंचीवर टांगलाय? ही चार उत्तरं आल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तर ऐकू नका.

बर्फातला_बाळू
सिलिंडरवर बसतो तो प्रोपेनचा, २० पौंडी सिलिंडर. नळी वगैरे नाही. खिडक्यांवर बर्फ आहेच, भिंतीही घामेजतात, इकडे सगळ्यांच्याच घामेजत असतील. थर्मामीटर दारापाशी, २४-२५ दाखवतो. तासाभराने डोकं जड होतं पण ते वासानं असावं, बीव्हरच्या शेपटीजवळच्या कॅस्टरग्रंथींचा वास फार उग्र.

सस्कॅचवनचा_सख्या
आधी तो हीटर बंद करा. आत्ता. मग पुढचं वाचा.
डोकं वासानं जड होत नाही, बंद जागेत ज्वाला जळतेय म्हणून होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर घरातल्यांनाही धोका. दोन्हीकडे अलार्म लावा.
आता तुमचा खरा प्रश्न. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. २० पौंड म्हणजे ९ किलो, म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ १५ लिटर पाणी तुम्ही त्याच खोलीत सोडताय जिथे कातडी वाळत घातलीत. ते थंड भिंतींवर आणि खालच्या फळ्यांवर बसणार. वर छतापाशी मात्र भट्टी, तिथली कातडी तडकणार. मोठा हीटर आणलात तर दोन्ही त्रास वाढतील.
हवं ते १५ ते १८ अंश. माणसाला स्वेटर घालून काम करावंसं वाटेल इतपत. जास्त तापलं की कातड्यात उरलेली चरबी वितळून आत मुरते, चामडं पिवळट, तेलकट होतं आणि पुढे कमावताना तिथेच फाटतं. थर्मामीटर फळ्यांच्या उंचीला लावा.

चुलीवरचं_पिठलं
न्यू ब्रन्सविकमधून. लाकडाची स्टोव्ह टाका, प्रश्न मिटला. कोरडी ऊब, वीजबिल शून्य, लाकूड तुमच्याकडे फुकट. आमच्या शेजाऱ्याची फरशेड स्टोव्हवरच चालते.

वायरमन_विलास
शेजाऱ्याची शेड घरापासून लांब असेल. यांचं गॅरेज घराला लागून, आत गाडी आणि पेट्रोलचे डबे असणार, वर खरवडताना टाकलेला भुसा. तिथे उघडा विस्तव? विमा कंपनी आधी वेट्ट (लाकडी स्टोव्ह तपासल्याचं) प्रमाणपत्र मागेल, आणि गाडीच्या गॅरेजातल्या स्टोव्हला बऱ्याचदा सरळ नाही म्हणते.

चुलीवरचं_पिठलं
विमावाले सगळ्यालाच नाही म्हणतात. इथे लोक शंभर वर्षं लाकडावर कातडी वाळवताहेत.

वायरमन_विलास
आणि शंभर वर्षं शेडी जळताहेत. असो.
बाळूभाऊ, २४० व्होल्टचा ५ किलोवॉटचा छतावर टांगायचा इलेक्ट्रिक हीटर घ्या. ज्वाला नाही, पाणी नाही. २१ अँपिअरच्या आसपास ओढतो, सतत चालणार म्हणून ३० चा ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर. ऑन्टारिओत इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीला आधी कळवून तपासणी करून घ्यावी लागते, स्वतः वायर ओढलीत तरी. मुख्य पॅनेल किती अँपिअरचं? १०० असेल आणि शेगडी, ड्रायर विजेवर असतील तर हिशेब करावा लागेल. छतात इन्सुलेशन आहे का? नसेल तर ५ किलोवॉटही -३० ला पुरणार नाही, आधी तिथे पैसे घाला.

बर्फातला_बाळू
पॅनेल २०० चं. भिंतीत इन्सुलेशन आहे, छतात सासरे म्हणतात "थोडंसं". गाडी बाहेर काढली आहे. प्रोपेन बंद केला. गॅरेज घराला लागून, आतलं दार स्वयंपाकघरात उघडतं.

डॉ_अनघा
स्वयंपाकघरात?! बाळू, तुझ्याच कामाचं सांगते. बीव्हर आणि मस्करॅटमधून टुलारेमिया हा जंतूंचा आजार होऊ शकतो. हातावरच्या बारीक चिरेतूनही जंतू शिरतो, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरेलच असं नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, कामाचे कपडे आणि बूट गॅरेजातच. त्या दाराला खालून पट्टी लाव. अचानक ताप आणि काखेत गाठ आली तर डॉक्टरला "मी बीव्हर सोलतो" हे पहिल्या वाक्यात सांग, नाहीतर त्यांना सुचणार नाही.

स्वप्नील_पुणे३८
सर, टिमिन्सला सोन्याच्या खाणीत मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांना घेतात का? पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) उत्तरेत सोपं पडतं असं ऐकलंय.

इतिहासाचा_किडा
अवांतर: हडसन बे कंपनी स्थापन झाली १६७० मध्ये, याच बीव्हरसाठी. इंग्लंडातल्या टोप्यांचं नमदं बीव्हरच्या आतल्या मऊ लोकरीचं. त्या वेळी इकडे महाराज राज्याभिषेकाच्या आधीची मोहीम चालवत होते, सिंहगड त्याच वर्षी घेतला. पाच सेंटच्या नाण्यावर आजही बीव्हर आहे.

खवचट_खंडू
आता तानाजींनाही गॅरेजमध्ये आणा.

सस्कॅचवनचा_सख्या
हीटर लागला तरी हवा खेळायला हवी. विलासरावांनी ते सांगितलं नाही, वायरवाल्यांचं नेहमीचंच. -३० च्या हवेत बाष्प जवळपास नसतं. तीच आत घेऊन १५ अंशांपर्यंत तापवली की अगदी कोरडी होते. म्हणून एका टोकाला छोटा एक्झॉस्ट फॅन, समोरच्या टोकाला खाली बारीक फट. डीह्युमिडिफायरला पैसे घालू नका. टेबलफॅन लावायचा तर भिंतीकडे तोंड करून, कातड्यावर थेट नाही, नाहीतर कडा आधी आखडतात.
बीव्हर फळीवर गोल ताणून खिळे मारल्यावर कातडं खिळ्यांवरूनच थोडं वर उचलून घेता का? फळीला चिकटलेलं ठेवलं तर खालच्या बाजूला हवा लागत नाही. बुरशी तिथूनच येते.

बर्फातला_बाळू
उचलत नव्हतो. सासऱ्यांना विचारलं, म्हणाले "ऑफ कोर्स", जणू हे पोटातूनच शिकून येतात. आता सगळी उचलली.
उद्या हीटर आणतोय, फॅन आहेच. आप्पा, हिरडा नको, पण धन्यवाद. डॉक्टर, मोजे आजपासून. स्वप्नील, त्यासाठी वेगळा धागा काढ. शेवटचं: ती बुरशी लागलेली दोन वाचतील का?

सस्कॅचवनचा_सख्या
चिमटीत केस धरून हलकेच ओढा, पोटाकडचे आधी. हातात आले तर मुळं सुटली, ते कातडं लिलावात काही आणणार नाही. घट्ट असतील तर जागेवरच किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि हवा लागेल असं ठेवा. फ्रीजरमधले एका वेळी फळ्या असतील तेवढेच बाहेर काढा. सासरे फोन करोत.

चुलीवरचं_पिठलं
वीज गेली की मग बघा.