रेनेसाँस ल्यूटचं संगीत: संपादित आवृत्ती घ्यावी की फॅसिमिली?

मंद्रतार:
क्लासिकल गिटार बरीच वर्षं वाजवतोय, आता ल्यूट (जुनं युरोपीय तंतुवाद्य) हाती आलंय, सात कोर्सचं (कोर्स म्हणजे एकत्र छेडायची तारांची जोडी किंवा एकटी तार). इंग्लिश ल्यूटकार जॉन डाउलंड आजवर वाजवला तो तिसरी तार एफ शार्पवर उतरवून, गिटारच्या नोटेशनमधूनच. आता टॅब्लेचरवरून (सुरांऐवजी बोटांच्या जागा दाखवणारी लिपी) वाजवायचंय. पण त्याची ‘लाक्रिमे’ ही रचना शोधायला गेलो तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच रूप सापडतं. यातलं खरं कुठलं? आणि पैसे संपादित आवृत्तीवर घालावेत की फॅसिमिलीवर, म्हणजे मूळ पानांच्या हुबेहूब प्रतीवर?

पानोपानी:
‘खरं’ असं एक रूप नाहीच, आणि मला या संगीतात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ‘लाक्रिमे’ डझनावारी हस्तलिखितांत आहे. प्रत्येकाने आपल्या हाताला, आपल्या ल्यूटला बसेल तसं ते उतरवून घेतलं. त्यामुळे शोधताना रचनेचं नाव नव्हे, हस्तलिखिताचा क्रमांक धरा.

डाउलंडसाठी एक संपादित आवृत्ती जवळ हवीच: डायना पोल्टन आणि बेझिल लॅम यांनी संपादित केलेला, १९७४चा फेबर प्रकाशनाचा संग्रह. वर टॅब्लेचर, खाली कीबोर्डसारखं दोन पट्ट्यांवरचं नोटेशन. त्यातले क्रमांक सगळे वापरतात, ‘पोल्टन १५’ म्हटलं की ‘लाक्रिमे’. पण तो संग्रह मी वाजवायला कमी आणि नकाशासारखा जास्त वापरते. कुठली रचना कुठल्या हस्तलिखितात आहे हे मागच्या टिपांत बघायचं आणि थेट मूळ पानाकडे जायचं.

ते मूळ पान बऱ्याचदा फुकट मिळतं. मॅथ्यू होम्सची ल्यूटची हस्तलिखितं केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांच्या डिजिटल लायब्ररीत उत्तम स्कॅन आहेत. डीडी.२.११ या क्रमांकाच्या हस्तलिखितापासून सुरुवात करा. तीनशेहून जास्त रचना, बारीक अक्षर, कागदाचा कोपराही वाया घालवलेला नाही. होम्स ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये गायकवृंदात होता. त्याने हा उद्योग केला नसता तर इंग्लिश ल्यूट संगीताचा केवढा तरी भाग आपल्या कानावर कधी आलाच नसता. ते पान समोर ठेवून वाजवताना मला अजूनही भरून येतं.

होम्सचं अक्षर जड गेलं तर जेन पिकरिंगचं हस्तलिखित बघा (ब्रिटिश लायब्ररी, एजर्टन २०४६, वर्ष १६१६). अक्षर स्वच्छ आहे, फ्रेंच पद्धतीचं टॅब्लेचर वाचायची सवय त्यावर लवकर लागते.

संपादित आवृत्तीत एक गोष्ट हमखास हरवते. मूळ टॅब्लेचर फक्त बोट कुठे ठेवायचं आणि कधी छेडायचं एवढंच सांगतं. सूर किती वेळ धरायचा ते तुम्ही ठरवायचं. स्टाफवर (पाच ओळींच्या नेहमीच्या नोटेशनमध्ये) उतरवताना संपादकाला प्रत्येक सुराची लांबी लिहावीच लागते, म्हणजे तो निर्णय तुमच्याऐवजी त्याने घेतलेला असतो.

उलटी_पट्टी:
इटालियनकडे वळाल तेव्हा सावध. फ्रेंच टॅब्लेचरमध्ये अक्षरं आणि सगळ्यात उंच सुराचा कोर्स वरच्या ओळीवर. इटालियनमध्ये आकडे आणि तोच कोर्स खालच्या ओळीवर. लुईस मिलानचा १५३६चा ‘एल मायस्त्रो’ विउएलासाठी (गिटारसारखं जुनं स्पॅनिश वाद्य) आहे, पण सहा कोर्सच्या ल्यूटवर छान बसतो. त्यात आकडे असूनही उंच सूर वर. जर्मन पद्धतीत तर ओळीच नाहीत, प्रत्येक जागेला स्वतंत्र चिन्ह. ती सध्या बाजूला ठेवा.

एक मतभेद नोंदवतो. नवख्याने थेट फॅसिमिलीवरून वाजवू नये. जुन्या छपाईत आकडा चुकीच्या ओळीवर पडलेला असतो, ताल-चिन्ह गळलेलं असतं, आणि चूक छपाईची की आपली हेच कळत नाही. द ल्यूट सोसायटीचे सोप्या रचनांचे संग्रह स्वच्छ टॅब्लेचरमध्ये आहेत. आधी ते घ्या.

पानोपानी:
संग्रह जरूर घ्या, पण फॅसिमिली लांबणीवर टाकू नका. चूक ओळखायला शिकणं हाच तर अभ्यास आहे. दाल्झा या इटालियन ल्यूटकाराचं १५०८चं पुस्तक पेत्रुच्चीने व्हेनिसमध्ये छापलं, त्याचं स्कॅन आयएमएसएलपी या संगीताच्या मोफत ऑनलाइन संग्रहात आहे. पवाना, सालतारेल्लो, पिवा: सगळे नाच, त्यामुळे ठेका चुकला की कानाला लगेच टोचतं. आकड्याखाली टिंब दिसलं तर ते तर्जनीने वरच्या दिशेने छेडायचं. एवढ्या एका टिंबात उजव्या हाताची अख्खी शिस्त आहे. नव्या आवृत्तीत ते गाळलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं.

मंद्रतार:
म्हणजे पोल्टनचा संग्रह आणि होम्सचं स्कॅन शेजारी शेजारी. पण छापील फॅसिमिली विकत घेण्यासारखी एखादी तरी?

पानोपानी:
कापिरोला या इटालियन ल्यूटकाराच्या रचनांची. हस्तलिखित साधारण १५१७चं, आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. विताले नावाच्या शिष्याने गुरूच्या रचना उतरवल्या आणि पानांभोवती प्राणी, पक्षी, झाडं रंगवली. त्याने कारणही लिहून ठेवलंय: पुढे हे पुस्तक संगीत न कळणाऱ्याच्या हाती पडलं, तरी चित्रांसाठी का होईना तो ते जपेल. काळ्यापांढऱ्या प्रतीवर समाधान मानू नका, रंगीत मिळेपर्यंत थांबा. आणि सुरुवातीची सूचनांची पानं वगळू नका, डाव्या हाताबद्दल तिथे जे लिहिलंय ते तुमच्या गिटारच्या सवयींना थेट लागू पडेल.