मदत हवी आहे: बुकशेल्फ स्पीकरला स्टँड, लोखंडी की लाकडी?

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला राहतो, हॉल १२ बाय १४, खाली शहाबादी फरशी. बुकशेल्फ स्पीकर सध्या टीव्हीच्या शोकेसमध्ये भिंतीला चिकटून आहेत आणि त्यांचा पोर्ट (खर्जाची हवा बाहेर पडायचं भोक) मागच्या बाजूला, त्यामुळं डग्गा नुसता घुमतो आणि तानपुरा तर पार दबून जातो. तानपुरे बनवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहून तानपुरा असा ऐकायचा म्हणजे जिवावर येतं हो.

परवा दोन्ही स्पीकर स्टुलांवर ठेवून भिंतीपासून दीडेक फूट पुढं घेतले, ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या उंचीला आला, दोन स्पीकरमधलं अंतर आणि खुर्चीपर्यंतचं अंतर सारखं केलं, तर आवाज एकदम मोकळा, गायक बरोबर मधोमध! म्हणून आता कायमचे स्टँड करायचेत, नवीन ॲम्प्लिफायर वगैरे नंतर बघू.

कुपवाडला फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाईपचे २४ इंची करून घ्यावेत असं डोक्यात आहे, पोकळ पाईप वाजतो म्हणून आत कोरडी वाळू भरायची. पण आतून गंज धरेल का? की सरळ सुताराकडून सागवानीच करू? फरशीवर टोकदार स्पाइक बरे की रबराचे बूट? आणि घरात लहान पोरगं आहे, खालची प्लेट केवढी ठेवली म्हणजे धक्का लागला तरी स्पीकर कलंडणार नाही, हे आधी सांगा.

सांगली-मिरजेत कुणी असे करून घेतले असतील तर फोटो टाका प्लीज, जमलं तर घरी येऊन ऐकायलाही आवडेल.