लोककलेचा खरा वारस कोण: तामायो की पोसादांची परंपरा?

मूळ विधान
मेक्सिकोच्या आधुनिक चित्रकलेची चर्चा रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेइरोस या तिघा भित्तिचित्रकारांपाशीच थांबते. माझ्या मते मात्र लोककलेचे मर्म दक्षिण मेक्सिकोतील ओआहाकात जन्मलेले चित्रकार रुफिनो तामायो (१८९९–१९९१) यांना अधिक उमगले होते. फळे विकणाऱ्या नातलगांकडे ते वाढले आणि १९२१ पासून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात प्राचीन वस्तूंची रेखाटने करू लागले. त्यांच्या चित्रांतील कलिंगडांचा लाल रंग बाजारातून आला आहे आणि १९४१ च्या चित्रातील गुरगुरणारी कुत्री पाहताना पश्चिम मेक्सिकोतील कोलिमाच्या प्राचीन मातीच्या कुत्र्यांची ठेवण आठवते. ‘आमच्या वाटेखेरीज दुसरी वाट नाही’ या सिकेइरोस यांच्या घोषणेपुढे ते नमले नाहीत, याचा मला मनापासून आदर वाटतो.

प्रतिसाद
आपल्याशी मी सहमत नाही. लोककला म्हणजे केवळ रंग आणि आकार नव्हेत. ती कोणाच्या हाती पोहोचते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रे छापणारे कलावंत) होसे ग्वादालुपे पोसादा यांचे हसरे सांगाडे स्वस्त कागदावर छापून रस्त्यावर विकले जात. तोच वसा घेऊन लेओपोल्दो मेंदेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ ही लोकमुद्रणाची कार्यशाळा उभारली आणि लिनोकटची (लिनोलियमवर कोरलेल्या ठशांनी छापलेली) भित्तिपत्रके कामगारांपर्यंत नेली. तामायोंची कलिंगडे मात्र संग्राहकांच्या घरी गेली.

मूळ विधानकर्त्याचे उत्तर
मग तामायोंचे १९६४ चे ‘दुआलिदाद’ (द्वैत) कोणासाठी होते? मेक्सिको शहराच्या मानववंशशास्त्र संग्रहालयातील त्या भित्तिचित्रात पिसांचा सर्प आणि जग्वार झुंजतात, म्हणजेच दिवस आणि रात्र झुंजतात, आणि ते कोणीही पाहू शकतो. मुद्राचित्रांबद्दल बोलायचे तर, सपाट कागदावर तामायोंचे समाधान होत नव्हते. त्यांना पोत आणि उठाव हवा होता. म्हणून १९७० च्या दशकात मुद्रक लुइस रेम्बा यांच्यासह ‘मिक्सोग्राफिया’ हे तंत्र घडले. त्यात कागदाचा ओला लगदा उठाव असलेल्या धातूच्या ठशावर दाबला जातो, त्यामुळे रंगाबरोबर मातीच्या भांड्याचा खरखरीतपणाही कागदावर उतरतो. कुंभाराच्या हाताची जाणीव याहून अधिक कोणत्या छपाईत टिकली आहे?

प्रतिसाद
भित्तिचित्राचा मुद्दा मला मान्य आहे. १९७४ मध्ये त्यांनी आपला प्राचीन वस्तूंचा संग्रह ओआहाकाला दिला, हेही मी नाकारत नाही. परंतु मिक्सोग्राफियाच्या मोजक्याच प्रती निघतात आणि त्या काचेमागे जपल्या जातात. पोसादांचा कागद हातोहात फिरून फाटून जाई.