मदत हवी आहे: इन्फ्यूजन मध्येच थांबवलं, आता नुसतं बसून राहायचं का?

नीरजा_द
एमआरआयमध्ये काहीतरी दिसलं म्हणून इन्फ्यूजन, म्हणजे शिरेतून सलाईनसारखं देतात ते औषध, थांबवलंय. त्रास काहीच नाही. डोकेदुखी नाही, चक्कर नाही. डॉक्टर म्हणतात, पुढच्या एमआरआयपर्यंत थांबा. पण हे औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातच देतात ना? थांबण्यात तोच टप्पा हातचा गेला तर? कुणाचं थांबून परत सुरू झालंय का? दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे जावं का? लवकर सांगा.

सुहास_ख
कोणतं औषध? लेकॅनेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी देतात, डोनानेमॅब चार आठवड्यांनी. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, सूज की रक्तस्रावाचे ठिपके? एपीओई जीनची तपासणी झाली होती का? त्याचा ‘४’ प्रकार असेल तर अल्झायमरचा आणि या औषधाच्या त्रासाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? नुसत्या ‘काहीतरी’वर कोण काय सांगणार?

मनस्वी७
पेशंट वडील आहेत की सासरे? त्यांना कशाला सुया टोचत बसता! माझ्या आईला रोज शब्दकोडी आणि तासभर चालणं यांनी खूप फरक पडला.

गणूमास्तर
मनस्वी, चालणं चांगलंच, पण हे औषध मेंदूत साठलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतं, शब्दकोड्यांनी ते निघत नाही. प्रश्न इन्फ्यूजनचा आहे.

अभय_प
आणि ते निघून तरी काय होतं? लेकॅनेमॅबच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा. गेलेली स्मृती परत येत नाही. मी असतो तर थांबलंय ते थांबूच दिलं असतं.

नीरजा_द
वडील नाहीत, सासरे नाहीत. पेशंट मीच आहे. शब्द सापडायला वेळ लागतो, पण वाचलेलं सगळं कळतं. ‘त्यांना’ म्हणून बोलू नका, मला सांगा.
लेकॅनेमॅब. रिपोर्टमध्ये ‘आरिया-ई, मध्यम’. एपीओई-४ ची एक प्रत आहे.
अभय, ०.४५ मला सुरू करण्याआधीच माहीत होतं. माझे व्यवहार मी आणखी काही महिने स्वतः बघणार असेन तर मला ते हवे आहेत.

रमा_काकू
नीरजाताई, माझ्या यजमानांना हेच झालं होतं. आरिया-ई म्हणजे मेंदूत पाणी धरून आलेली सूज. पुष्कळांना कळतही नाही, एमआरआयमध्येच दिसते, म्हणून तर ठरावीक डोसांच्या आधी एमआरआय करतात. अगदी सौम्य असून त्रास नसेल तर कधी कधी डोस चालू ठेवतात. मध्यम असेल तर त्रास नसला तरी थांबवतात आणि सूज उतरल्याचं एमआरआयमध्ये दिसलं की पुन्हा सुरू करायचं का ते ठरवतात. बहुतेकांची काही महिन्यांत उतरते. यांचं परत सुरू झालं. सूज असताना डोस रेटण्यापेक्षा हे बरं. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं केलेलं नाही.
एक मात्र आजच करा. हे औषध घेत असल्याचं कार्ड पाकिटात ठेवा. आरियाची लक्षणं पक्षाघातासारखी दिसू शकतात, आणि अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. घरच्यांनाही सांगून ठेवा. जोरात डोकं दुखलं, गोंधळल्यासारखं झालं, दिसायला बिघडलं, तर पुढच्या एमआरआयची वाट बघू नका.

विनय_वकील
हात चालतायत तोवर मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र करून घ्या. नंतर सहीवर वाद होतात.

गणूमास्तर
हे त्यांनी विचारलेलं नाही, विनय.

विनय_वकील
न विचारताच सांगायची गोष्ट आहे ती.

मनस्वी७
सॉरी नीरजाताई. एक प्रत म्हणजे मुलांनीही जीन तपासायची का?

सुहास_ख
त्याचा वेगळा धागा काढा. नीरजाताई, दुसरं मत हवं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, आधीच्या आणि आताच्या दोन्ही एमआरआयच्या सीडी घेऊन जा. तुलना केल्याशिवाय कोणी नीट सांगणार नाही.

नीरजा_द
काकू, कार्डाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज लिहिते. परत सुरू झाल्यावर त्यांना थंडी-ताप आला का, पहिल्या डोसासारखा?

रमा_काकू
नाही आला. पण सगळ्यांचं सारखं नसतं, आधी विचारून ठेवा.

सुहास_ख
रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं अजून सांगितलं नाहीत.